विचारलं असतं तर

माझे वडील गेले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. त्यानंतर चार महिन्यांनी मी नवऱ्याला फसवायला लागले. ही दोन वाक्यं अशी एकाखाली एक लिहायला मला दीड वर्ष लागलं. तोवर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. आम्ही लिंगायत, पण घरात कानडीचा एक शब्द नाही. सासर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. जात एकच, देव एकच, पण इथं चुलीपासून देवघरापर्यंत सगळं कानडी. लग्न होऊन आले तेव्हा नवरा माझ्याशी मराठीत बोलायचे आणि मान वळवून सासूबाईंशी, म्हणजे अव्वांशी, कानडीत. मी वर्षभरात भाषा शिकले. बोलायलाही लागले. पण बोलताना मी नेहमी कुणाच्या तरी घरी आल्यासारखी सावरून बसलेली असायचे. नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होती, तिथं स्वच्छ, छापील मराठी. माझी मूळची भाषा उरली होती ती फक्त एका फोनपुरती. संध्याकाळी सहाला कार्यालय सुटलं की वडिलांचा फोन यायचा. "सुटलीस व्हय? काय खाल्लंस दुपारी?" पाच मिनिटं. वीस वर्षं जवळजवळ रोज.

ते कार्तिकात गेले. नवरा मातीला आले, तीन दिवस थांबले आणि परत गेले. त्यांचं नवी पेठेत साड्यांचं दुकान आहे, लग्नसराई तोंडावर होती. जाताना म्हणाले, "तू राहा हवी तेवढी." चांगल्या मनानंच म्हणाले. मी दहा दिवसांनी आले, कामाला लागले. मुलगी पुण्याला वसतिगृहात होती. घरात आम्ही तिघंच. अव्वांनी जवळ बसवून विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का. मी हो म्हटलं. वडिलांविषयी मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मी रडलेही नाही. सगळे म्हणायचे, खंबीर आहे.

माघात आमच्या कार्यालयात एकजण बदलून आला, माढ्याकडचा. माझ्याच वयाचा, बायको-मुलं गावी. आठवडाभर त्यानं माझं बोलणं ऐकलं आणि एके दिवशी फाईल ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, तुमी मूळच्या कुटल्या हो?"

"मोहोळकडची."

"मंग असं पुस्तकात बघून वाचल्यागत का बोलताय? आपल्यावानी बोला की."

मी हसले. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो माझा मलाच ओळखू आला नाही.

मग सहाला कार्यालय सुटलं की तो फाटकापर्यंत बरोबर येऊ लागला. फाटकापासून रिक्षाच्या थांब्यापर्यंत. मग आम्ही एक रिक्षा मुद्दाम सोडून द्यायला लागलो, मग दोन. विजापूर रोडला त्याच्या मित्राची खोली दुपारची रिकामी असायची. तिथं मी पाच वेळा गेले. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. एवढंच सांगते, की मला कुणी भुलवलं नाही, ओढून नेलं नाही. मी स्वतःच्या पायांनी जिना चढले. आणि हेही सांगते, की खोटं बोलण्यातसुद्धा मला मजा यायला लागली होती. "परीक्षेचं काम आहे, उशीर होईल," हे अव्वांना कानडीत सांगताना माझी कानडी कधी नव्हे इतकी सुरेख व्हायची.

पाचव्या वेळी मी पकडली गेले, आणि तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी शिपाई म्हणाले, "मॅडम, काल साहेब तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही दोनलाच गेला म्हणून सांगितलं मी."

वीस वर्षांत नवरा कधी माझ्या कार्यालयात आले नव्हते. त्या दिवशी मी डबा ओट्यावर विसरले, आणि ते दुकानातून जेवायला आले होते, तर अव्वांनी देऊन पाठवलं. आदल्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा तो डबा घासून पालथा घातलेला होता. मला वाटलं होतं, तो घरीच राहिला आणि अव्वांनी रिकामा केला.

त्या दिवशी मला एकही कागद धड वाचता येईना. आज विचारतील, मी ठरवलं. उत्तरंही तयार केली. मैत्रिणीकडे गेले होते. डोकं दुखत होतं. नवरा घरी आले, हातपाय धुतले, शेंगाचटणी मागून घेतली, जेवले. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा सगळं घर भांडी घेऊन धावतं. आम्ही दोघं एकाच नळीची दोन टोकं धरून टाकी भरत उभे होतो. हातभर अंतर. ते म्हणाले, "जरा वर धर." एवढंच.

असे आठ दिवस गेले. मी झोपेत दचकायचे. भाजी दोनदा खारट केली, तेही कुणी बोललं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि ते पेपरकडे. मला वाटायचं, ओरडा. काहीतरी फेका. पाचव्या दिवसापासून तर मला त्यांचाच राग येऊ लागला. गुन्हा माझा, आणि राग त्यांचा! हा माणूस विचारत नाही म्हणजे याला काही पडलेलंच नाही, असं मी मनात घोळवत बसायची, कारण त्यात मला सुटायला जागा दिसत होती.

नवव्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. ती वेळ मोकळी असते. नोकर जेवायला गेलेला. ते गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. मी चप्पल काढली, समोर बसले आणि म्हटलं, "तुम्ही डबा घेऊन आलात त्या दिवशी मी एका माणसाबरोबर होते. त्याआधीही."

त्यांचा हात घडीवर थांबला. मग म्हणाले, "आत्ता गिऱ्हाईक येईल."

आणि आलंच. आई आणि लग्नाची मुलगी. नवऱ्यानं उठून एकामागून एक साड्या उलगडल्या, पदर खांद्यावर टाकून दाखवला, "हा रंग बाईंना खुलेल" म्हणाले. हात जराही कापला नाही. मी कोपऱ्यात बसून ते हात बघत होते. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी जा. अव्वाला काही कळू देऊ नको."

मी त्याच आठवड्यात त्या माणसाला भेटायचं थांबवलं, पण तोडलं नाही. मेसेज यायचे, मी वाचायची, पुसायची. घरात बोलणं मिठामिरचीपुरतं राहिलं. महिनाभरानं नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. आमच्या घरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, हृदय ठीक निघालं. डॉक्टर म्हातारे, तीन पिढ्यांना ओळखणारे. त्यांनी एकट्याला बसवून काय विचारलं, ह्यांनी काय सांगितलं, मला ठाऊक नाही. पण पंधरा दिवसांनी नवरा म्हणाले, "सात रस्त्याला एक बाई आहेत. समुपदेशन करतात. मी दोनदा जाऊन आलो. पुढच्या वेळी तुलाही बोलावलंय."

जो माणूस मला एक शब्द विचारत नव्हता, तो दोनदा एकटा जाऊन परक्या बाईसमोर बसला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. स्कूटर आम्ही पार लांब लावायचो. नात्यातलं कुणी बघितलं तर काय सांगायचं, हे येताना ठरवायचो, आणि खरं तर त्या काळात आमचं एकमत होणारी तेवढीच एक गोष्ट होती. बाई साठीच्या. आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी मी रडवेली होऊन म्हटलं, "मी असं का केलं हेच मला कळत नाही."

"ते आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "रक्त वाहत असताना जखम कशानं झाली यावर चर्चा करत नाहीत. तो माणूस अजून फोनवर आहे?"

मी खाली बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. ते त्यांना माहीत नव्हतं.

बाईंनी तिथंच बसून, दोघांसमोर, एक शेवटचा मेसेज लिहायला लावला. निरोपाची भेट नाही, कारणं नाहीत. मी लिहिला: "यापुढे आपला कामापलीकडे संबंध नाही. मला लिहू नका, फोन करू नका." अंगठा दाबताना मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते नवऱ्यानं बघितलं. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता जे दिसलं ते दुखणारच. पण ते तुमच्यापासून लपवलेलं नाही, हे लक्षात ठेवा." पुढच्याच महिन्यात मी अर्ज करून दुसऱ्या इमारतीतल्या विभागात गेले. तो वर्षाअखेरीस माढ्याला परत गेला.

मग बाईंनी एक नेम घालून दिला. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात नवऱ्यानं हवं ते विचारायचं, शरीराचे तपशील सोडून, आणि मी खरं तेच सांगायचं. इतर वेळी त्या विषयावर प्रश्न नाही. "दिवसभर चौकशी चालली तर घराचं पोलीस ठाणं होतं," बाई म्हणाल्या, "आणि मुळीच चालली नाही तर स्मशान."

आम्ही गच्चीवर बसायचो. उन्हाळ्यात सोलापूरची गच्ची संध्याकाळीसुद्धा तव्यासारखी, बसलं तरी चटका. नवरा पाण्याचा तांब्या मध्ये ठेवायचे आणि अर्धा तास समोरच्या टाक्यांकडे बघायचे. एक मंगळवार, एक शुक्रवार. दुसरा मंगळवार. एकही प्रश्न नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी ओरडले, "विचारा ना काहीतरी! मी काय दगडाशी बोलू?" ते उठले आणि खाली गेले.

पुढच्या भेटीत मी तक्रारच केली. विचारतच नाहीत. वीस वर्षं असेच आहेत. बाईंनी त्यांना विचारलं, "विचारलं तर काय होईल असं वाटतं?"

खालच्या चौकातले हॉर्न तेवढे वर येत होते. मग ते बोलायला लागले, आणि मध्येच कानडीत गेले. बाईंना कानडी येत नव्हती. त्यांनी मला खूण केली, आणि मी नवऱ्याचं बोलणं मराठीत सांगत गेले, त्यांच्याच बालपणाची गोष्ट, जी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं, अक्कलकोटकडे दुसरं घर होतं. सगळ्या भाऊबंदांना माहीत, कुणी बोलत नसे. हे नऊ वर्षांचे असताना एकदा पंगतीत, पाहुण्यांसमोर, त्यांनी विचारलं, "अप्पा, काल रात्री तुम्ही कुठं होता?" अप्पा ताटावरून उठले. त्यानंतर चार महिने घरी आले नाहीत. आणि अव्वा म्हणाल्या, "तू विचारलंस म्हणून गेले."

"तेव्हापासून," ते मराठीत येत म्हणाले, "मी कुणाला विचारत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी खुर्चीवरून अर्धी उठले. त्यांना डब्याच्या दिवशी कळलं नव्हतं. त्याआधी दोन महिन्यांपासून माहीत होतं. एका माणसाबरोबर रिक्षाच्या थांब्यावर मला हसत उभं असलेलं त्यांनी पाहिलं होतं. "अशी हसताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं," ते बाईंना म्हणाले.

"तेव्हा मी अजून कुठंच गेले नव्हते!" मी म्हटलं. "तेव्हा विचारलं असतंत तर तिथंच थांबलं असतं. का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," ते म्हणाले.

मी फार बोलले त्या दिवशी. तुमच्या गप्प बसण्यानंच मी गेले, असंही बोलले. बाईंनी पूर्ण बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "तुमचा राग खरा आहे. पण तो पुढे करून स्वतः मागे लपू नका. ते गप्प राहिले, हे त्यांचं. तुम्ही जिना चढलात, हे तुमचं. मूळ शोधायचं ते सबब मिळावी म्हणून नाही, पुन्हा उगवू नये म्हणून."

मग माझी पाळी आली. त्या भेटींना मी एकटी जायचे. त्या माणसाचं काय आवडलं, बाई विचारायच्या, आणि मी जे जे सांगायचे त्यात तो फारसा नसायचाच. त्याचं रूप मला धड आठवत नव्हतं. आठवायचं ते माझं बोलणं. 'लई', 'व्हय', 'न्हाय'. एकदा त्यांनी विचारलं, "रोज साधारण किती वाजता बोलायचात?"

"सहाला."

"त्याआधी सहाला काय करायचात?"

"वडिलांचा फोन यायचा," मी म्हटलं. वडील जाऊन तोवर वर्ष उलटलं होतं. मी त्या खोलीत, भर दुपारी, त्यांच्यासाठी पहिल्यांदा रडले. खाली चष्म्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल.

पण दोन दिवसांनी माझं मलाच ते पटेना. इतकं सोपं? बाप गेला म्हणून बाई बिघडली? मी जाऊन बाईंशी भांडले. बोलणं वडिलांसारखं होतं म्हणून कुणी विजापूर रोडला जातं का? मला ते हवं होतं. कुणीतरी नव्यानं बघावं, मी वीस वर्षांपूर्वीची व्हावं, हेही हवं होतं. बाई म्हणाल्या, "बरोबर. एकच मूळ असतं असं कुणी सांगितलं? पण दुःख आत कोंडलेलं असलं की माणूस जो पहिला दरवाजा उघडा दिसेल त्यातून बाहेर पडतो. तुम्ही नवऱ्याला कधी म्हणालात, मला वडिलांची आठवण येते म्हणून?" नाही. मीही कुठं म्हणाले होते.

गच्चीवरचा पहिला प्रश्न पावसाळ्यात आला. "त्याच्याशी बोलताना तू हसायचीस ते कशावर?" मी सांगितलं. गावाकडचे शब्द, म्हशींची नावं, कुणाच्या लग्नात कोण पडलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "एवढंच?" आणि त्या 'एवढंच'मध्ये काय होतं, सुटका की जास्त जळजळ, मला अजून कळलेलं नाही. नंतर प्रश्न वाढले. काही भयंकर होते. एकदा त्यांनी नेम मोडून भर सकाळी माझा फोन हिसकावून घेतला. एकदा दुकान अर्ध्या दिवसातच बंद करून घरी आले आणि देवघरात बसून रडले. मला वाटायचं, आता बरं होतंय, आणि पुन्हा तीन आठवडे मागे जायचो.

सगळ्यात अवघड दिवस मात्र आमच्या दोघांचा नव्हताच. दिवाळीनंतर एका दुपारी अव्वा कडक भाकरी डब्यात भरत होत्या. आमच्यात काहीतरी बिनसलंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांनी मुलाला विचारलं, "एनातु?" काय झालं. नवरा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि कानडीत म्हणाले, "अव्वा, मी लहानपणी विचारलं म्हणून अप्पा गेले होते का?"

अव्वांनी वर बघितलं. "तू काय विचारलं होतंस?"

त्यांना आठवतच नव्हतं. पंगत, पाहुणे, काहीच नाही. त्या म्हणाल्या, अप्पा जायचे ते त्यांच्या मनानं जायचे, यायचे ते त्यांच्या मनानं यायचे, तुझा काय संबंध? मी काय बोलले असेन रे रागात. आणि पुन्हा भाकरी भरू लागल्या. नवरा तिथंच बसून राहिले. पस्तीस वर्षांहून जास्त काळ या माणसानं एका वाक्यापायी तोंड शिवून घेतलं होतं, आणि ते वाक्य बोलणारीला ते आठवतही नव्हतं. मी दारात उभी होते. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा की नाही, तो हक्क मला उरलाय की नाही, कळेना. शेवटी ठेवला. त्यांनी झटकला नाही.

बाईंकडे आम्ही एकूण चौदा महिने गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही बघा. अडलं तर या." आम्ही बरे झालो असं मी म्हणणार नाही. नवरा आता विचारतात. कधी कौतुकानं, कधी संशयानं, आणि कोणतं कोणतं हे त्यांनाही लगेच कळत नाही. मी सांगते. माहेरी जाताना ते बरोबर येतात, भावाशी शेतावर बोलत बसतात. पण बाजारात मी जरा जोरात हसले की त्यांची मान वळते, आणि ती वळलेली मला दिसते.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी बोलतोय." मी फोन बंद केला. नवरा अंगणात स्कूटर पुसत होते. मी गेले आणि सांगितलं.

"काय म्हणाला?"

"काही नाही. मी बंद केला."

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं. "बंद करताना काय वाटलं?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "क्षणभर वाटलं, करू नये."

ते तसेच स्कूटर काढून गेले. तासाभरानं आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "सांगितलंस ते चांगलं केलंस. पण आज मला तुझ्याशी बोलवणार नाही."

"बरं," मी म्हटलं.

तो दिवस गेला, सोमवारही गेला. मी कार्यालयात तोच तोच कागद पुन्हा वाचत होते. मंगळवारी सकाळी ते दुकानाला निघता निघता उंबऱ्यात थांबले. म्हणाले, "बाईंना फोन केला होता. गुरुवारी साडेचारची वेळ आहे. तुला चालेल का?"

मी म्हटलं, रजा टाकते.